समुद्राच्या नावचा रकाना

परशुरामानं बाण मारून कोकण निर्माण केलं, ही गोष्ट आमच्याकडे पोरं लहानपणापासून ऐकतात. बाण कुठून सोडला, कुठं पडला, समुद्र किती मागे हटला, हे सगळे रंगवून सांगतात. बाण सोडायची वेळ का आली, हे मात्र फार थोडे सांगतात. परशुरामानं जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान केली होती. दान दिलेल्या जमिनीवर दात्यानं राहायचं नाही. कश्यपानंच त्याला तसं बजावलं आणि दक्षिणेच्या समुद्राकडे जायला सांगितलं. पाय टेकायला आपली म्हणावी अशी जागा उरली नाही, म्हणून तो समुद्रापाशी आला. महाभारताच्या शांतिपर्वात तर बाणही नाही. तिथं समुद्र आपण होऊन त्याच्यासाठी शूर्पारक नावाचा प्रदेश तयार करतो. शूर्पारक म्हणजे आपलं सोपारं, मुंबईच्या उत्तरेचं एके काळचं नामांकित बंदर, जिथं अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली मिळाला.

माझी नोकरी जमीन मोजण्यात गेली. भूकरमापक म्हणून लागलो, आधी रायगडात आणि मग मुंबई शहरात. त्यामुळे ही गोष्ट आठवली की मला तिच्यात हक्काचा प्रश्न दिसतो. समुद्रातून निघालेली जमीन कुणाची? जो तिच्यावर घर बांधतो तो कुणाचं काही देणं लागतो का? आणि लागत असेल, तर ते फेडायचं कुणाकडे? हा प्रश्न मला धर्माचा वाटतो, कारण महसूल खात्याच्या कुठल्याच दप्तरात त्याला रकाना नाही.

मुंबईचे जुने नकाशे एकापुढे एक मांडून बसण्याचा मला नाद लागला. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७०च्या दशकात इथं आला होता. त्याचं पुस्तक १६९८ साली निघालं. त्या काळातल्या नकाशांत मुंबई म्हणजे पाण्यात विखुरलेली बेटं आहेत. वरळी आणि मुंबईच्या मधल्या खिंडीतून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि आजची भायखळा, ताडदेव, कामाठीपुऱ्याची जमीन पाण्याखाली किंवा चिखलात असायची. कॅप्टन डिकिन्सननं १८१२ ते १८१६ मध्ये बेटाची मोजणी केली, पुढे टेटनं १८२७ पर्यंत तिच्यावर काम केलं. त्या नकाशात पाण्याची जागा खाचरांनी आणि दलदलीनं घेतलेली दिसते. मग कर्नल लॉटनची शीटं येतात, १८७२ सालची. एका इंचाला चाळीस फूट! या प्रमाणावर घरन् घर, विहिरी, तळी, गल्लीचा प्रत्येक बाक दिसतो. ही शीटं बघताना मोजणीदाराचा ऊर भरून येतो. साखळी ओढत, उन्हात एकेका भिंतीचा कोपरा पकडत कुणीतरी हे केलंय. त्या साखळ्या ओढणाऱ्यांची नावं कुठं नोंदलेली नाहीत, पण हात आमच्यासारख्यांचेच असणार.

या सगळ्या महसुली नकाशांत एक गोष्ट सारखी आहे. किनाऱ्याची रेषा संपली की कागद कोरा. जमिनीवर नंबर, हद्दी, नावं, क्षेत्र; पाण्यावर काहीच नाही. उलट बंदरात येणाऱ्या जहाजांसाठी केलेला सागरी तक्ता बघा. त्यात जमीन जवळपास कोरी असते. दीपगृह, देवळाचा कळस, एखादी उंच चिमणी, म्हणजे पाण्यातून दिसणाऱ्या तेवढ्याच खुणा. पाणी मात्र आकड्यांनी गच्च भरलेलं. इथं खोली इतकी, इथं तळाला चिखल, इथं खडक, इथून ओहोटीचा ओढा. एकाच बंदराची ही दोन चित्रं आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

जैन तत्त्वज्ञानात याला नय म्हणतात: वस्तूकडे एका बाजूनं पाहणं. तसं पाहण्यात काही चूक नाही, माणूस तेवढंच पाहू शकतो. पण पाहणारा जेव्हा म्हणतो की मला दिसलं तेवढंच आहे, बाकी काही नाही, तेव्हा त्याचा दुर्नय होतो. महसुली नकाशा महसुलासाठी केला, तोवर तो नय होता. त्यावरचा कोरा कागद बघून कुणी म्हणालं की इथं काहीच नाही, कुणाचंच नाही, भराव टाका, तिथं त्याचा दुर्नय झाला. माझ्या मते मुंबईच्या वाढीची नैतिक गोष्ट इथं सुरू होते. पाणी हटवण्याआधी ते कागदावर रिकामं करून ठेवलेलं होतं.

वरळीच्या खिंडीवरचा बांध हॉर्नबी गव्हर्नर असताना घातला गेला, १७८४च्या सुमारास पुरा झाला. त्याची आख्यायिका मुंबईत अजून सांगतात. बांध घालावा आणि समुद्रानं तो फोडावा, असं चाललं होतं. मग काम पाहणाऱ्या रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाला देवीचा दृष्टान्त झाला, की आम्ही खाडीच्या तळाशी आहोत, आम्हाला वर काढा. महालक्ष्मी, महाकाली आणि महासरस्वती यांच्या मूर्ती पाण्यातून काढल्या, मग बांध टिकला आणि देवींना बाजूच्या टेकडीवर जागा मिळाली. या आख्यायिकेकडे इतिहास म्हणून पाहू नये. पण लोकांच्या मनात हक्काची कल्पना कशी होती, ते तिच्यात स्पष्ट आहे. पाण्याखाली आधीपासून कुणीतरी वस्तीला होतं. त्याची सोय लावल्याशिवाय तुमची भिंत उभी राहत नाही. इंजिनियरच्या कोऱ्या कागदावर दृष्टान्तानं एक नाव लिहिलं.

पुढच्या भरावांना असे दृष्टान्त झाले नाहीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ मध्ये कापसाचा पैसा मुंबईत धो धो आला, बॅकबे बुजवायच्या कंपनीचे शेअर गगनाला भिडले आणि युद्ध थांबताच १८६५ साली सगळा बाजार कोसळला. घराणी बुडाली. भरलेल्या जमिनीचा एक पट्टा बी. बी. सी. आय. रेल्वेच्या रुळांना मिळाला. चर्चगेटला जाणाऱ्या गाड्या आज त्यावरून धावतात. मग १९२०च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या विकास खात्यानं तोच बॅकबे पुन्हा हाती घेतला. आठ ब्लॉक ठरवले होते, त्यातले चार झाले, के. एफ. नरिमननी त्या कामातला घोळ चव्हाट्यावर आणला. उरलेल्यातला भराव स्वातंत्र्यानंतर झाला आणि त्यावरच्या टोकाला नरिमन यांचंच नाव लागलं. परशुरामाच्या गोष्टीत समुद्राची जमीन अशा माणसाला मिळते, ज्यानं स्वतःकडची सगळी जमीन देऊन टाकली आहे. बॅकबेची जमीन ज्यांच्याकडे आधीच भरपूर होतं त्यांच्यासाठी निघाली. मुंबईतल्या इतर भरावांबद्दल असं सरसकट म्हणता येणार नाही. भायखळ्याच्या सखल जमिनीवर शहराचा केरकचरा टाकून भर घातली गेली, आणि त्या भागात गिरण्या उठल्या, चाळी उठल्या, घाटावरून आणि कोकणातून आलेली माणसं राहिली. त्यात माझे काकाही होते.

मी मूळचा पेणकडच्या खारेपाटातला. आमची शेतीही समुद्राकडूनच घेतलेली. खाडीच्या बाजूनं मातीचा बांध, त्याला उघाड्या. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी उघाडीतून बाहेर जातं आणि भरती आली की तिची झडप पाण्याच्या दाबानं बंद होते. मुंबईचे भराव आणि आमची खारबंदिस्ती दोन्हींत समुद्राला मागे सारायचंच काम आहे. पण एक फरक आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकावर उभं आहे.

खारेपाटात जमीन एकदा काढली म्हणजे झालं, असं नसतं. पावसाळ्यापूर्वी गाव बांधावर माती टाकतं. जुन्या शिलोत्री पद्धतीत तर बांध राखण्यासाठी पिकातला ठरलेला वाटा बाजूला निघत असे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वडील रात्री कंदील घेऊन बांधावरून चालायचे. शोधायचे काय, तर खेकड्यांची बिळं. अंगठ्याएवढं बीळ असतं, बांधाच्या आतल्या अंगाला ओल दिसते, हात लावला की माती थंड आणि मऊ लागते. ते तिथल्या तिथं चिखलानं बुजवलं नाही, तर पुढच्या उधाणाला पाणी त्यातून वाट काढतं आणि सकाळपर्यंत बांधाला खांड पडलेली असते. खारं पाणी शेतात शिरलं की मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे जातात. कधी कंटाळून मी विचारायचो, दर वेळी कशाला बघायचं? वडील म्हणायचे, “त्याचं घेतलंय ना आपण? मग त्याच्याकडं लक्ष नको?” नारळी पौर्णिमेला ते खाडीत नारळ सोडायचे, पण त्यांची खरी पूजा बांधावर चालायची, असं मला वाटतं. घेतलेल्याची आठवण ठेवून रोज थोडं थोडं फेडत राहणं, हे ते करत होते.

आपल्याकडे माणूस जन्मतःच ऋणी मानलेला आहे. ऋषींचं, देवांचं, पितरांचं ऋण असं तैत्तिरीय संहिता सांगते. आणि ज्या देवाला पुढे समुद्राचा अधिपती मानलं, त्या वरुणाला ऋग्वेदातल्या दुसऱ्या मंडलाचा ऋषी जे मागतो ते मला फार जवळचं वाटतं: माझ्या अंगावरची देणी फिटू देत, आणि दुसऱ्याच्या कष्टावर जगायची पाळी माझ्यावर येऊ नये, असा त्याचा आशय आहे. वरुण सृष्टीचं ऋत, म्हणजे तिचा नियम, सांभाळणारा आणि तो मोडणाऱ्याला पाशात धरणारा. त्याच्यापुढे उभं राहिल्यावर ऋषीला कर्ज आठवतं.

यावर कुणी म्हणेल, भराव टाकला गव्हर्नरांनी, कंपन्यांनी, सटोडियांनी. आजच्या भाडेकरूचा त्यात काय दोष? दोष नाहीच. पाप ज्याचं त्याला, ते वारसाहक्कानं येत नाही. ऋण येतं. आपल्या स्मृतिकारांनी हा भेद बारकाईनं केला आहे. बापानं जुगारात किंवा दारूपायी केलेलं कर्ज मुलावर बसत नाही, असं ते सांगतात, आणि बॅकबेच्या पहिल्या भरावाला जुगाराशिवाय दुसरं नाव देणं मला कठीण जातं. पण याज्ञवल्क्य आणखी एक नियम देतो: ज्यानं मयताची मालमत्ता उचलली, त्यानं त्याचं कर्ज फेडावं. आपण मुंबईकरांनी मालमत्ता उचललेली आहे. तिच्यावर राहतो, ती गहाण टाकतो, तिचे मजले चढवतो. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, हा हिंदू कायद्यातला जुना नियम २००५ च्या दुरुस्तीनं गेला. माणसामाणसांतल्या व्यवहारात ते योग्यच झालं असेल. समुद्राच्या हिशेबात मात्र देणं असं सुटत नाही. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीच्या काठची, कुर्ल्या-कलिन्याची वस्ती पाण्यात गेली. मिठीच्या मुखाशी जिथं पूर्वी खाजण होतं, तिथं भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं आहे. त्या रात्री बुडाली ती मात्र बहुतेक गरिबांची घरं. देणं एकाचं आणि वसुली दुसऱ्याकडून, हे मला या सगळ्यात सर्वात जास्त सलतं.

दुसरी एक हरकत जास्त वजनदार आहे. १८८० साली उघडलेल्या प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चाललं असताना ओहोटीच्या पातळीच्याही खाली एक बुडालेलं जंगल सापडलं. खैराचे बुंधे, त्यातले कितीतरी मुळांसकट जागच्या जागी उभे. म्हणजे आज ज्याला आपण समुद्राची जागा म्हणतो, तिथं कधीकाळी रान होतं आणि समुद्रानं ते गिळलं. मग समुद्राला धनको कसं म्हणायचं? त्यानंही घेतलंच की! यावर मी बराच विचार केला आहे. जमीन खचते, समुद्र चढतो, रान बुडतं, हे ऋताप्रमाणे होतं. त्यात कुणी कुणाच्या नावावर काही करून घेत नाही. समुद्रानं खैराच्या रानाची खरेदी नोंदवली नाही. आपण नोंदवतो. मिळकत पत्रिका काढतो, सी. एस. नंबर देतो, भाडेपट्टे करतो, पिढ्यान् पिढ्या हक्क सांगतो. हक्काची भाषा आपण बोलतो, म्हणून देण्याची भाषाही आपल्यालाच लागू होते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा, खाड्यांचा तळ राज्य सरकारचा आहे. कायद्याला कुणीतरी मालक लागतोच. पण तिथं आधीपासून राबणारे लोक आहेत. वरळीच्या कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या नाखवांशी माझी चांगली ओळख. किनारी रस्त्याचं काम सुरू झाल्यावर मी त्यांच्यापुढे त्या भागाचा नकाशा पसरला होता. त्यांनी किनाऱ्यावर नजर टाकलीच नाही. बोट सरळ कोऱ्या भागावर ठेवलं आणि म्हणाले, “साहेब, इथं खडक आहेत. ही आमची यायची-जायची वाट. इथं पोरं कालवं काढतात. यात काय दाखवलंच नाही.” किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून, वाऱ्याचा आणि ओढ्याचा अंदाज घेऊन ते होडी आत आणतात, सागरी तक्त्यातले आकडे त्यांच्या डोक्यात असतात. वरळीच्या मच्छीमारांनी पुढे किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधल्या अंतरासाठी मोठा लढा दिला. साठ मीटरच्या आसपास धरलेलं अंतर अखेर १२० मीटर करण्यात आलं, एक खांब गेला. मोठा विजय नव्हता तो, मागणी याहून जास्त होती. तरी मला त्यात वरळीच्या बांधाचीच आख्यायिका दिसते. पाण्यात आधी कुणी आहे हे कागदाला मान्य करावं लागलं. या वेळी सांगणारी जिवंत माणसं होती.

मग फेडायचं कसं? मुंबई उकरून परत समुद्रात ढकला, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. मीही भरावावरच्या घरात राहतो. नोकरी केलेला माणूस असल्यानं मला सुचतं ते दप्तराच्या भाषेत सुचतं. भरावावरच्या प्रत्येक मिळकतीच्या पत्रिकेवर जुनी भरतीरेषा आणि भराव कधी पडला ते नोंदलं जावं. लॉटनची, डिकिन्सनची शीटं आजच्या नकाशावर चढवून बसवणं आता अवघड राहिलेलं नाही. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचं काम रेंगाळत न ठेवता पुरं व्हावं आणि त्यात घरांबरोबर मासळी वाळवायच्या जागा, होड्या ओढायच्या जागा आणि पाण्यातल्या वाटाही याव्यात. पावसाचं पाणी बाहेर नेणाऱ्या नाल्यांकडे आणि पंपांकडे खारेपाटातल्या बांधासारखं बघावं, दर उधाणाला, कुणाच्या तरी नावावर जबाबदारी टाकून. यातलं काहीही नारळ सोडण्याला पर्याय नाही, नारळही सोडावा. फक्त समुद्राची आठवण वर्षातून एकदा काढून भागत नाही.

आणि जे अजून घेतलेलं नाही, ते तरी घेऊ नये. वडाळा, कांजूर, भांडुप, मुलुंडकडची मिठागरं आणि खाजणं आजही भरतीचं आणि पावसाचं पाणी पोटात घेतात. कागदावर ती पुन्हा कोरी, मोकळी जमीन म्हणून दिसू लागली आहेत आणि त्यांवर घरं बांधायचे बेत होत आहेत. गरिबांना घरं हवीत, हे मला मान्य आहे, चाळीत राहिलेल्या घरातला मी आहे. पण त्यांना पुन्हा पाण्याच्या वाटेत बसवून शहराचं देणं त्यांच्या गळ्यात बांधू नये. आपली इमारत जुन्या नकाशावर कुठं येते ते प्रत्येकानं एकदा जरूर बघावं, आणि ती पाण्यात येत असेल, तर मिठागरं भरायच्या कुठल्याही प्रस्तावावर आपली लेखी हरकत नोंदवावी.